वीजजोडणी नसलेल्या शेतात मासे आणि भाजी: सहा मीटरच्या घरगुती घुमटाचं प्रकरण

हिशेबासाठी घेतलेली जागा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरच्या पठारावरची आहे. उंची समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. वर वीतभर माती, खाली मुरूम. विजेचा खांब लांब आहे आणि जोडणी घ्यायचीच नाही, असं ठरलेलं आहे. बोअरला पाणी आहे, पण जेमतेम आणि जड. चार-पाच माणसांच्या घराला वर्षभर पालेभाजी आणि अधूनमधून मासळी मिळावी, एवढीच अपेक्षा. त्यासाठी सहा मीटर व्यासाचा, पाइपांचे त्रिकोण जोडून केलेला घुमट आणि त्यात ॲक्वापोनिक्स: माशांचं पाणी खडीच्या वाफ्यांत फिरतं, खडीतले जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करतात, ते भाजी घेते आणि पाणी पुन्हा टाकीत येतं.

घुमटाखाली मासे पाळण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटनं सत्तरच्या दशकात केप कॉडला घुमटाखालच्या तळ्यात तिलापिया वाढवला होता. पण तिथे बर्फ पडतो. त्यांचा घुमट ऊब धरून ठेवण्यासाठी होता. पारनेरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वळवाचा वारा पत्रे उडवतो. इथे घुमटाचं काम वेगळं आहे: पाणी तापू द्यायचं नाही, गरम हवा बाहेर सोडायची, किडी अडवायच्या आणि वाऱ्यात उभं राहायचं. थंड प्रदेशातला आराखडा जसाच्या तसा उचलला तर एप्रिलमध्ये आत भट्टी होते.

आधी पहाटेचा हिशेब

बहुतेक जण घुमटापासून सुरुवात करतात, मग त्यात मावेल तेवढी टाकी बसवतात आणि उरलेल्या पैशांत सोलर घेतात. हा क्रम उलटा आहे. वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी मासे मरतात ते रात्री दोन ते पाचच्या दरम्यान, पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडल्यामुळे. म्हणून आकडेमोड तिथून सुरू करायची.

टाकीत २,६०० लिटर पाणी आहे. २८ अंश सेल्सिअसला, या उंचीवर, पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त ७.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर मावतो. तो ३ च्या खाली गेला की बहुतेक मासे धोक्यात येतात. म्हणजे वापरता येण्याजोगी शिल्लक ४.२ गुणिले २,६००, साधारण ११ ग्रॅम. आता मासे २० किलो धरले आणि दर किलोला तासाला ३०० मि.ग्रॅ. ऑक्सिजन लागतो असं धरलं, तर खर्च तासाला ६ ग्रॅम. पावणेदोन तासांत शिल्लक संपली. त्यात तळाचा गाळ आणि जिवाणूही ऑक्सिजन खातात, आणि रात्री पाणी मुळात पूर्ण भरलेलं नसतंच. प्रत्यक्षात तास-सव्वा तास धरावा.

माशांची संख्या, बॅटरी, पंपाची जागा, शेवटच्या खाद्याची वेळ हे सगळं या तास-सव्वा तासावरून ठरतं. म्हणून २० किलोच्या वर जायचं नाही. हे प्रमाण हजार लिटरला पावणेआठ किलो पडतं. जोडणीच्या विजेवर लोक याच्या दुप्पट-तिप्पट घेतात. त्यांच्याकडे जनरेटर असतो.

टाकी मध्यभागी, वाफे कडेनं

सहा मीटरच्या घुमटात टाकी बरोबर मध्यभागी बसवा. व्यास २ मीटर, पाण्याची खोली ८५ सें.मी. जमिनीत ७५ सें.मी. खड्डा, आणि कठडा जमिनीवर २५ सें.मी. पाणी अर्ध्याहून जास्त जमिनीत गेलं की मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट, दोन्ही सौम्य होतात. आतून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, त्याखाली जुनी पोती किंवा दोन बोटं वाळू. नुसत्या सिमेंटच्या टाकीत पाण्याचा सामू (पीएच) आठवडेच्या आठवडे वर राहतो. कागद घातला की हा प्रश्न येत नाही. कठडा बुटका असल्यामुळे घरात लहान मूल असेल तर लोखंडी जाळीचं झाकण हवंच.

टाकीभोवती ९५ सें.मी.ची फिरायची वाट, आणि वाटेच्या पलीकडे घुमटाच्या तळाच्या दहा बाजूंपैकी सात बाजूंना वाफे. एक बाजू दारासाठी, एक रोपांच्या ट्रेसाठी, एक हत्यारं आणि पाण्याच्या बादल्यांसाठी. प्रत्येक वाफा बाहेरून १.८० मीटर, आतून १.२७ मीटर रुंद आणि वाटेपासून कडेपर्यंत ९० सें.मी. याहून जास्त केला तर वाटेवरून पलीकडच्या रोपापर्यंत हात पोहोचत नाही. एका वाफ्याचं क्षेत्र १.३८ चौ.मी., सातांचं ९.७.

वाफे विटांचे, साडेचार इंची भिंत, ६० सें.मी. उंच. खालचे ३० सें.मी. मुरूम भरून धुमसानं घट्ट करा, त्यावर वाळू, मग तोच ५०० मायक्रॉनचा कागद आणि वर ३० सें.मी. खडी. लाकडी मांडवावर हे वाफे ठेवू नका. ओल्या खडीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जातं. कागदाखाली अर्ध्या इंचाची जाळी अंथरली नाही, तर उंदीर खालून कागद कुरतडतात आणि गळती कुठे आहे ते आठवडाभर सापडत नाही.

खडी २० मि.मी.ची, काळ्या दगडाची. घनफळ २.९ घनमीटर, म्हणजे एका ब्रासपेक्षा थोडी जास्त; धुताना निघणारी भुकटी धरून सव्वा ब्रास मागवा. काळ्या दगडानं पाण्याचा सामू बदलत नाही. पण ढिगात पांढरे चुनखडीचे तुकडे मिसळलेले असतात. मूठभर खडीवर लिंबू पिळा; फेस आला तर तो माल परत पाठवा. आणि खडी धुतल्याशिवाय टाकू नका. न धुतलेल्या खडीची भुकटी वाफ्याच्या तळाशी चिखल होऊन बसते, तिथे हवा जात नाही, आणि दोन महिन्यांत कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

पाणी फिरवायला बेल सायफन, म्हणजे वाफा भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी, लावायचा मोह होतो. सोलरवर तो टाळा. त्याला एकसारखा प्रवाह लागतो. बॅटरी उतरली, पंप मंदावला की सायफन धड सुरूही होत नाही आणि धड तुटतही नाही, नुसता ठिबकत राहतो, आणि वाफा दिवसभर तुडुंब. त्याऐवजी टायमर आणि उभा पाइप. वाफ्याच्या तळाला टँक कनेक्टर, त्यात ४० मि.मी.चा पीव्हीसी पाइप २५ सें.मी. उंच उभा, आणि त्याच्या बुडाशी ८ मि.मी.ची दोन भोकं. भोवती ११० मि.मी.चा भोकं पाडलेला पाइप, म्हणजे खडी आणि मुळं आत येत नाहीत. पंप चालू असताना पाणी भोकांतून जातं त्यापेक्षा जास्त येतं, त्यामुळे वाफा साधारण १८ मिनिटांत भरतो. पंप बंद झाला की ३५ मिनिटांत रिकामा होतो आणि ओसरणाऱ्या पाण्यामागून खडीत ताजी हवा शिरते. एका तासाच्या चक्रात हे बरोबर बसतं: २० मिनिटं चालू, ४० मिनिटं बंद. भोकं ८ ऐवजी ६ मि.मी.ची पाडली तर वाफा तासाभरात रिकामा होत नाही. मुळं गुदमरतात आणि पानं पिवळी पडतात, आणि लोक खताची कमतरता शोधत बसतात.

खडीत मोकळी जागा सुमारे ४० टक्के असते. म्हणजे एका वाफ्यात १३८ लिटर पाणी चढतं. सातही वाफे एकदम भरले तर टाकीतून साडेनऊशेच्या वर लिटर जातं आणि पातळी ३१ सें.मी. उतरते. म्हणून चार आणि तीन असे दोन गट करा, प्रत्येक गटाला स्वतःचा पंप आणि स्वतःचा टायमर. एक गट तासाच्या ठोक्याला, दुसरा अर्ध्यावर. पातळी १८ ते २० सें.मी.च उतरते, आणि एक पंप जळाला तरी दुसरा अर्धे वाफे चालवतो. तीन वाफ्यांच्या गटाचा बॉल व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवा.

पंप टाकीच्या तळाशी ठेवू नका. तळापासून ४० सें.मी.वर विटांच्या ओट्यावर ठेवा आणि त्याचा सक्शन पाइप खाली मध्यभागी गाळापर्यंत न्या. त्या सक्शन पाइपला ४० सें.मी.च्याच उंचीवर १० मि.मी.चं एक भोक पाडा. एखादा वाफा फुटला किंवा नळी निसटली, तर पाणी बाहेर जातं, पातळी त्या भोकाशी येते, पंप हवा ओढतो आणि उपसा थांबतो. टाकीत बाराशे लिटर शिल्लक राहतं. मासे वाचतात. हे भोक नसेल तर पंप इमानानं सगळी टाकी शेतात ओततो.

वाफ्यांतून परतणारं पाणी टाकीच्या कडेला तिरकं सोडा. पाणी सावकाश गोल फिरतं आणि विष्ठा आपोआप मध्यभागी, सक्शनपाशी जमते. भर घालायला बॉलकॉक बसवू नका. टाकीच्या आत खूण करा आणि रोज सकाळी हातानं पाणी भरा. साधारण दिवसाला ४० ते ६० लिटर, मे महिन्यात ८०. एखाद्या दिवशी अचानक दीडशे लागले तर गळती आहे, हे त्याच सकाळी कळतं. बॉलकॉक ती गळती लपवतो.

वीज

दोन पाणीपंप, २४ व्होल्ट डीसी, प्रत्येकी ४० वॅट. दीड मीटर उंचीला ताशी ३,००० लिटर देणारे. पंपाच्या खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, त्यावर जाऊ नका. तक्त्यात दीड मीटरसमोरचा आकडा बघा. दिवसा दर तासाला आणि रात्री दोन तासांनी चालवले तर प्रत्येकी सहा तास पडतात. दोन्हींचे मिळून ४८० वॅट-तास.

हवेचे पंपही दोन, प्रत्येकी २५ वॅट, मिनिटाला ४० लिटर. एक चोवीस तास, दुसरा संध्याकाळी सात ते सकाळी आठ. ६०० आणि ३२५, मिळून ९२५. टायमर आणि कंट्रोलरचे (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) ४५ धरून दिवसाचा खर्च १,४५० वॅट-तास. तारा, बॅटरी, कंट्रोलर यांतली घट मिळवून पॅनेलकडून १,८०० हवेत.

३३५ वॅटचे दोन पॅनेल, म्हणजे ६७०. पावणेतीन तास चांगलं ऊन मिळालं तर भागतं. पठारावर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात याच्या जवळपास दुप्पट मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार दिवस आभाळ भरलेलं असतं, तेव्हा मात्र हाच आकडा कसोटीला लागतो. हिशेब जुलैचा करायचा, मेचा नाही. पॅनेल घुमटावर चढवू नका. दक्षिणेकडे तोंड करून वेगळ्या स्टँडवर, साधारण १९ ते २० अंश कलते. दोन्ही समांतर जोडा. ओळीत जोडले तर थंड सकाळी व्होल्टेज शंभरीला टेकतं आणि १०० व्होल्टपर्यंतचा कंट्रोलर जळू शकतो. कंट्रोलर ३० अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा.

बॅटरी लिथियम फॉस्फेटची, २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तास. वापरता येतात २,०५० वॅट-तास, म्हणजे नेहमीच्या भारावर दीड दिवसाला थोडं कमी. एकच हवेचा पंप ठेवून पाणी दिवसातून दोनदाच फिरवलं तर खर्च सातशेवर येतो आणि तीच बॅटरी जवळजवळ तीन दिवस पुरते. हा काटकसरीचा क्रम माणसाच्या आठवणीवर सोडू नका. पाणीपंपांना वेगळा लो-व्होल्टेज रिले लावा, म्हणजे बॅटरी २५.६ व्होल्टला उतरली की आपोआप तुटणारा स्विच. हवेच्या पंपांचा २४ ला. नेहमीची चूक अशी की सगळं कंट्रोलरच्या एकाच लोड-टर्मिनलवर असतं, बॅटरी उतरते आणि पहाटे तीनला हवा-पाणी दोन्ही एकदम बंद होतं.

याशिवाय एक पूर्णपणे वेगळी सोय: १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी, तिचा स्वतःचा २० वॅटचा पॅनेल आणि छोटा कंट्रोलर, आणि ५ वॅटचा हवेचा पंप. मधे २४ व्होल्टचा रिले, त्याचा नॉर्मली-क्लोज्ड (वीज नसताना जोडलेला राहणारा) संपर्क वापरायचा. मुख्य वीज असेपर्यंत रिले ओढलेला राहतो आणि छोटा पंप बंद. मुख्य वीज गेली की रिले सुटतो आणि पंप सुरू. रात्र निघते. बॅटरी आणि कंट्रोलर घुमटात ठेवू नका, आतल्या दमटपणानं टर्मिनलवर हिरवा थर चढतो. उत्तरेच्या बाजूला बाहेर, हवेशीर लोखंडी पेटीत. बॅटरीच्या वीतभर अंतरात फ्यूज. आणि हवेचे पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं.

घुमटाची मापं

आता घुमट. यात पाइपाचे दोनच लांबीचे तुकडे पुरतात असा सगळ्यात सोपा प्रकार घ्या, ज्याला टू-व्ही म्हणतात. याचा अर्धगोल तळाशी सपाट बसतो. त्याहून बारीक त्रिकोणांच्या थ्री-व्हीचा बसत नाही आणि तिथे नवशिक्यांची दमछाक होते. त्रिज्या ३ मीटर. लहान तुकडा त्रिज्येच्या ०.५४६५३ पट, म्हणजे १,६४० मि.मी.; मोठा ०.६१८०३ पट, म्हणजे १,८५४ मि.मी. ही लांबी भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची. लहान ३०, मोठे ३५, एकूण ६५. सांधे २६: तळाशी चार तुकड्यांचे १०, पाच तुकड्यांचे ६, सहा तुकड्यांचे १०. त्रिकोण ४०.

एक इंची जीआय पाइप, २ मि.मी. जाडीचा. भोकाच्या पुढे दोन्ही टोकांना २५ मि.मी. सोडायचे, म्हणून कापायची लांबी १,६९० आणि १,९०४. सहा मीटरच्या एका पाइपातून कुठलेही तीन तुकडे निघतात, २२ पाइप लागतात. चुका धरून २४ आणा. लहान तुकड्यांना लाल आणि मोठ्यांना पिवळा पट्टा ओढा. उभारताना दोन्ही सारखेच दिसतात आणि एक जरी चुकीच्या जागी गेला तरी वरचा भाग जुळत नाही.

टोकं चपटी करणं हे या सगळ्यातलं नाजूक काम आहे. पाइपाच्या आतून बोट फिरवलं की वेल्डची उभी शिवण लागते. दाबताना ती शिवण चपट्या तोंडावर यायला हवी, कडेच्या घडीवर नाही. घडीवर आली की पाइप तिथेच उभा चिरतो, आणि ती चीर लगेच दिसत नाही. पहिल्या मोठ्या वाऱ्यात दिसते. फॅब्रिकेटरच्या प्रेसवर सहा सें.मी. चपटं करून घ्या, मग १३ मि.मी.चं भोक. भोकांसाठी एका चॅनेलवर दोन खुंट्या वेल्ड करून साचा बनवा, प्रत्येक तुकडा त्यावरच पाडा. टेप लावून एकेक मोजलं तर दोन-दोन मि.मी.चा फरक साठत जातो. टोकं शेवटी आत वाकवायची: लहान तुकड्याची १६ अंश, मोठ्याची १८ अंश. दाबलेल्या घडीवर जस्ताचा थर तडकतो, तिथे झिंकचा रंग दोन हात द्या.

सहा टोकं एकावर एक आली की २४ मि.मी. जाडी होते. बोल्ट १२ मि.मी. जाड, ६० मि.मी. लांब, दोन्हीकडे वायसर. वेल्डिंगची गरज नाही, आणि जीआयवर वेल्डिंग करताना निघणारा धूर तब्येतीला वाईट असतो.

पाया आणि उभारणी

वारा हलक्यात घेऊ नका. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. त्या वेगाला दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. घुमटाच्या पाठीवरून वारा गेला की तो घुमटाला वर ओढतो. तळाचं क्षेत्र २६.४ चौ.मी. आणि सरासरी ओढ दाबाच्या ०.६ पट धरली तर जवळजवळ दीड टन. त्यात वाऱ्याकडची कागदाची झडप फाटून वारा आत शिरला, तर ती आणखी वाढते. सगळ्या पाइपांचं मिळून वजन दोनशे किलो. म्हणजे घुमट पडण्याची भीती नाही, उडण्याची आहे.

म्हणून दहा सांध्यांखाली दहा काँक्रीटचे ठोकळे, ४५ बाय ४५ बाय ६० सें.मी. प्रत्येकी २९० किलो, मिळून २.९ टन. ठोकळ्यात १६ मि.मी.चा अँकर बोल्ट, खाली एल आकारात वाकवलेला. वर ६० सें.मी.चं विटांचं जोतं आणि अँकर त्यातून वर काढलेला. नुसत्या विटांवर घुमट बांधू नका, वारा वीटकाम उचलतो. जोत्यामुळे कडेच्या वाफ्यांवर उंची मिळते.

आखणीला मध्यभागी खुंटी, तीन मीटरची दोरी. परिघावर १,८५४ मि.मी.च्या अंतरानं दहा खुणा. समोरासमोरच्या दोन खुणांत बरोबर सहा मीटर यायला हवेत. पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं बघा. एक कोपरा दोन सें.मी. खाली राहिला तर त्याचा जाच खाली जाणवत नाही, अगदी शेवटच्या बोल्टला जाणवतो: भोकं एकमेकांसमोर येतच नाहीत. खालून वर चढत जा, बांबूचे टेकू द्या, आणि सगळे ६५ तुकडे बसेपर्यंत एकही नट आवळू नका. तीन माणसांचं एका दिवसाचं काम आहे.

कागद, जाळी आणि मे महिना

तळाला टेकलेले दहा त्रिकोण मिळून १३.७ चौ.मी. होतात. दाराचा सोडून सगळ्यांना ४० मेशची कीटकरोधक जाळी, आणि वरून गुंडाळता येणारी कागदाची झडप. झडप डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि झोडपणाऱ्या पावसात खाली, एरवी वर.

माथ्याचे पाच त्रिकोण कागदानं बंद करायचे नाहीत. त्यांवर जाळी, आणि त्या पंचकोनाच्या पाच सांध्यांवर ४५ सें.मी.च्या खुंट्या उभ्या करून वर कागदाची टोपी. टोपीच्या कडेनं ४.२ चौ.मी. उघडी जागा मिळते. गरम हवा तिथून जाते, खालच्या जाळीतून ताजी येते. लोक इथे फुटाचीच खिडकी ठेवतात आणि मग पंखे शोधतात. टोपी हीच वाऱ्याची पहिली शिकार असते, म्हणून प्रत्येक खुंटीपासून जोत्यापर्यंत तारेचा ताण द्या.

मधल्या २५ त्रिकोणांना पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद. झडपा, टोपी आणि कापण्यातली नासाडी धरून ७० चौ.मी. लागतो. वरचा पट्टा खालच्यावर १५ सें.मी., कौलांसारखा. कागद अडकवायला पॉलिहाऊसवाले वापरतात ती लॉक प्रोफाइल (खाचेची पट्टी) आणि झिगझॅग स्प्रिंग इथेही चालते. कागद सकाळच्या उन्हात ताणा. थंडीत ताणलेला दुपारी सैल पडतो, वाऱ्यात फडफडतो आणि स्प्रिंगपाशी फाटतो. कागद जिथे पाइपाला टेकतो ती बाजू आधी पांढरी रंगवा, नाहीतर तापलेल्या लोखंडावर तो दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो. पीव्हीसीच्या क्लिपा वापरू नका, त्यांच्यातल्या क्लोरीननं कागदाचं आयुष्य घटतं.

या अक्षांशावर मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणजे सावली अशी कुठल्याच बाजूला नसते. मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत बाहेरून ५० टक्के शेडनेट, कागदापासून फूटभर वर, तारांवर ताणलेली. कागदावरच टाकली तर ती स्वतः तापून खालच्या कागदाला भाजते. पाऊस पडला की काढा. जुलैत भाजीला मिळेल तेवढा उजेड हवा. टाकीवर मात्र बाराही महिने शेडनेटचं झाकण, नाहीतर पाणी शेवाळानं हिरवं होतं, आणि ते शेवाळही रात्री ऑक्सिजन खातं.

पाणी तयार करणं

मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे जिवाणू वाढवायचे. टाकी भरा, पंप सुरू करा आणि कल्हईवाले वापरतात तो नवसागर, शुद्ध मिळेल तो, २० ग्रॅम विरघळवून टाका. त्यानं २,६०० लिटरमध्ये अमोनिया-नायट्रोजन २ मि.ग्रॅ. प्रति लिटर होतो. मत्स्यालयाच्या दुकानातल्या चाचणी-संचानं दोन दिवसांआड मोजा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइट उतरतो. टाकलेला २ मि.ग्रॅ. अमोनिया चोवीस तासांत नायट्राइटसकट शून्यावर येऊ लागला की पाणी तयार.

जड बोअरच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. त्यात लोह विरघळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. उपाय म्हणून ६ टक्के लोहाचा ईडीडीएचए चिलेट (अशा पाण्यातही विरघळलेलं राहणारं लोह) ८५ ते ९० ग्रॅम, तीन-चार आठवड्यांनी एकदा. पाणी लालसर दिसतं, माशांना त्रास नाही. पुढे जिवाणूंच्या कामानं सामू उतरत जातो, ६.५ च्या खाली गेला तर विझवलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, एका वेळी ५० ग्रॅमच्या वर नाही, आणि बादलीत कालवून सावकाश. बोअरचे क्षार बाष्पीभवनानं साठतात, म्हणून आठवड्याला २०० लिटर पाणी बाहेरच्या झाडांना द्या. बुरशीसाठी मोरचूद किंवा कुठलंही तांब्याचं औषध आत आणू नका; मासे मरतात. किडींसाठी हाताची बोटं आणि पिवळे चिकट सापळे.

मासे

तिलापियाला, म्हणजे उजनीकडच्या चिलापीला, मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. मागूर म्हणून विकला जाणारा थाई मागूर बंदी असलेला आहे, बोटुकली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. या जागेला पंगस योग्य: तो पृष्ठभागावर येऊन तोंडानं हवा घेऊ शकतो, त्यामुळे पहाटेच्या अपघातात थोडा जास्त टिकतो. म्हणूनच त्याच्या टाकीवर प्लॅस्टिकचं घट्ट झाकण नको. पण त्याला थंडी सोसत नाही. पाणी २० अंशांच्या खाली राहू लागलं की खाणं सोडतो आणि अंगावर बुरशी धरतो. म्हणून जूनमध्ये २० ग्रॅमची ५० बोटुकली सोडा, ४०० ग्रॅमच्या झाल्या की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा, आणि हिवाळ्यात जिवाणू जगवायला थंडी सोसणारे सायप्रिनस (कॉमन कार्प) थोडे ठेवा.

खाद्य सकाळी नऊ आणि दुपारी साडेतीन. चारनंतर नाही, कारण खाल्ल्यावर काही तास माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि तो वेळ रात्रीत जाता कामा नये. आभाळ भरलेल्या दिवशी निम्मं. पाणी ३३ अंशांवर गेलं किंवा मासे सकाळी पृष्ठभागावर तोंडं काढून राहिले, तर त्या दिवशी काहीच नाही.

बोटुकली आणण्याआधी एका रात्रीची चाचणी घ्या. रात्री नऊला मुख्य बॅटरीचा फ्यूज काढा आणि बघा: छोटा पंप आपोआप सुरू झाला का, सकाळी सहापर्यंत चालला का, त्याची बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा भरली का. मग वेगळ्या दिवशी एका वाफ्याचा तळाचा कनेक्टर सैल करा आणि पंप ४० सें.मी.च्या भोकाशी खरंच थांबतो का ते तपासा. दोन्ही जमल्यावर मासे आणा. पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासे जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर.

५० बोटुकली म्हणजे एक किलो वजन. चार टक्क्यांनी दिवसाला ४० ग्रॅम खाद्य. पूर्ण वाढलेल्या वीस किलोंना दीड टक्क्यानं ३०० ग्रॅम लागतं आणि तेवढ्यावर सात वाफे चालतात, चौरस मीटरला ३१ ग्रॅमच्या हिशेबानं. ४० ग्रॅमवर एकच वाफा चालतो. पहिल्या महिन्यात एकाच वाफ्यात पालक किंवा आंबट चुका लावा. खाद्य दीडशे ग्रॅमवर आलं की तीन वाफे, आणि मग पुढचे. पुदिना लावायचा असेल तर कुंडीसकट खडीत ठेवा, मोकळा सोडला तर त्याची मुळं महिनाभरात उभ्या पाइपाच्या भोकांत शिरतात.